फाटकाखालचं गवत

फोटो इतका छान होता की मी तो आधी नीट पाहिलाच नाही. हिरवंगार कुरण, त्याच्या तोंडाशी लाकडी फाटक, फाटकावर चढलेला वेल, मागे लांबवर गोठ्याचं लाल छप्पर. फोटोखाली ओळ लिहायचं काम माझं. मी लिहिलं, 'हिरव्या झाकणाच्या दुधाच्या गायी रोज या फाटकातून चरायला जातात.' पूर्णविराम दिला, आणि मग मला फाटकाखालचं गवत दिसलं.

गुडघाभर होतं. खालच्या फळीला टेकलेलं, फटीतून वर आलेलं, टोकाला तुरे धरलेलं. मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. गवताची पाती चौकोनी होऊन फुटायला लागली तरी मोठा करत राहिले.

एकशे वीस गायी ज्या जागेवरून रोज दोनदा ये-जा करतात, तिथे गवत उगवत नाही. चिखल असतो, नाहीतर दगडासारखी कडक झालेली उघडी माती. हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे, कारण बाबांनी मला चालायच्या खालोखाल तेच शिकवलं होतं. "गायीकडे नंतर बघ. व्यवस्थापकाकडे तर बघूच नकोस, फार तर त्याचे बूट बघ. आधी फाटकाशी जा."

आमची संस्था ग्राहकांची, लहानशी. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधाच्या डेऱ्या आम्ही तपासतो आणि वर्षातून एकदा पुस्तिका काढतो. एकतीस डेऱ्या, अठरा प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण. शेवटी डेरीच्या नावापुढे एक ते पाच गायींची चित्रं. लोक झाकणाच्या रंगावरून दूध ओळखतात, म्हणून आम्हीही तसंच बोलतो. निळ्या झाकणाला यंदा दोन गायी, पिवळ्याला साडेतीन. हिरव्याला पाच. सबंध पुस्तिकेत पाच गायी फक्त हिरव्याला होत्या.

त्या डेरीची तपासणी बाबांनी केली होती. एकोणीस वर्षं ते आमचे तपासनीस होते, आणि हिरवं झाकण ही त्यांची शेवटची डेरी. त्यांना जाऊन सात आठवडे झाले होते. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्यांचा फोटो होता आणि त्याखाली आमच्या संपादकबाईंनी स्वतः लिहिलेली ओळ: 'ज्यांनी न पाहता एकही आकडा लिहिला नाही, त्यांना.'

मी संगणकावर हिरव्या झाकणाचं पत्रक उघडलं. प्रश्न सातवा, वर्षातले किती दिवस गायी स्वतःच्या पायांनी कुरणावर जातात? पाच. आठवा, खुरांची आणि पायांची अवस्था. पाच. नववा, कुरणाची अवस्था. पाच. तपासणीची तारीख अकरा आठवड्यांपूर्वीची. तपासनीस, बाबा.

मंगळवार होता. शुक्रवारी पुस्तिका छापायला जाणार होती.

आमच्याकडे छपाईआधी प्रत्येक आकडा ताडून पाहणारे एक काका आहेत. त्यांच्या हातून काही सुटत नाही म्हणून त्यांना सगळे चाळणीकाका म्हणतात, अगदी तोंडावर. बाबांचे ते मित्र. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"काका, हा फोटो बघा."

"झकास. कॅलेंडरवर घाल."

"फाटक बघा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला लागेल इतके पुढे वाकले. त्यांच्या मानेची शीर मला दिसत होती. ती हलायची थांबली.

"कधीचा फोटो?"

"गेल्या महिन्यातला. डेरीनंच पाठवलाय, पुस्तिकेसाठी."

"दुसरं एखादं फाटक असेल."

"नकाशात एकच आहे."

ते खुर्चीत मागे टेकले. "मूळ कागद काढ. बाबांच्या हातचा."

"घरी आहे. शेवटचे नऊ कागद मी दवाखान्यातच संगणकावर चढवले होते. ते तसेच सामानात घरी गेले."

"हं." त्यांनी चष्मा खाली घेतला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा पुसला. "बाकीच्या बावीस डेऱ्यांचे कागद मी ओळन्‌ओळ ताडलेत. या नऊंचे तुझ्याकडे मागायला जीभच रेटली नाही माझी. म्हटलं, त्याचं काय तपासायचं?"

संपादकबाई उठून आल्या. फोटो पाहिला, आकडा पाहिला, पहिल्या पानावरची स्वतःची ओळ पाहिली. त्यांचा हात त्या ओळीवर आपोआप गेला, एखादं भांडं झाकावं तसा.

"उद्या कुणालातरी पाठवते," त्या म्हणाल्या.

"मी जाते."

"तू नको. तुला बघवेल का ते?"

"बघितल्यावर कळेल."

"अगदी बापावर गेलीयेस," काका म्हणाले आणि लगेच तोंड फिरवून कागद सारखे करायला लागले.

बाबा असं करतील हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. शेजारच्यांनी मुलीकडच्या पाहुण्यांसमोर सहज विचारलं, आमचा मुलगा कसा आहे, तर 'मला फारसा माहीत नाही' म्हणून त्या मुलाचं लग्न जवळजवळ मोडणारा हा माणूस. भाजीवाल्यानं 'आजचीच आहे' म्हटलं की देठ मोडून बघणारा. दोन किलोमीटर चिखल तुडवून परत आल्यावर मला म्हणायचा, "काय कारकून, खुर्ची गरम झाली का?" मी टेबलावर बसून आकडे चढवते म्हणून मी कारकून. मी त्यांना म्हणायची, "तुमचं अक्षर वाचायचा भत्ता द्या आधी."

बुधवारी मी डेरीवर गेले. व्यवस्थापक तिशीतला, बोलायला गोड. बूट स्वच्छ होते. नुसते धुतलेले नव्हेत, कधी मळलेलेच नव्हते.

"या, ताई. साहेबांचं कळलं. फार वाईट वाटलं. असा माणूस पुन्हा होणे नाही."

"शेवटचे आले तेव्हा कुठे कुठे गेले होते ते?"

"इथेच बसले होते. तुम्ही बसलात त्याच खुर्चीत."

मी उठले. उठायचं काही कारण नव्हतं.

"चहा नाही घेतला. कधीच घेत नसत. पाणी घेतलं, दोन ग्लास. औषधांची वही बघितली, चारा कुठून येतो त्याचे कागद बघितले, वासरांचा गोठा खिडकीतून दिसतो तो बघितला. मग त्या दारापर्यंत गेले. तिथे चौकटीला धरून बराच वेळ उभे होते. मग परत येऊन बसले. पाय खूप सुजलेले हो त्यांचे. बुटाच्या नाड्या सोडून ठेवल्या होत्या."

"गोठ्यात गेले नाहीत?"

"नाही."

"फाटकाकडे?"

"ताई, तुम्हीच सांगा, कसे जाणार होते? मीच म्हटलं, साहेब, फोटो दाखवतो. दाखवले. छान आहेत म्हणाले." तो हसला. "आणि परवा तुमच्याकडून मसुदा आला, पाच गायी. टाळ्या वाजवल्या इथे सगळ्यांनी."

बाबा या खुर्चीत बसले, फोटो पाहिले आणि पाच लिहून गेले. आणि मला त्या सुजलेल्या पायांचा पत्ताही नव्हता. या दोन गोष्टींतली कुठली जास्त लागली, ते मला आजही सांगता येत नाही.

"मला फाटक बघायचंय," मी म्हणाले.

वाट गोठ्यावरून होती. गोठा झाडलेला होता, गव्हाणी भरलेल्या होत्या, कुठे दुर्गंधी नव्हती. गायी ओळीनं उभ्या. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. खूर पुढे वाढून जुन्या चपलेसारखे वर वळले होते. मागच्या पायांच्या सांध्यांवरचे केस गेलेले, काहींची कातडी सोललेली. एक गाय बसायला बघत होती. एक पाय दुमडायची, थांबायची, पुन्हा सरळ करायची. मी तिथे होते तोवर ती बसली नाही. गोठ्याचं कुरणाकडचं दार सताड उघडं होतं. बाहेर ऊन पडलं होतं आणि गवत होतं. एकाही गायीचं तोंड तिकडे नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"बाहेर गेल्या नाहीत."

त्यानं मानेवर हात फिरवला. "गेल्या वर्षी साहेब येऊन गेले ना, त्यानंतर दोन महिन्यांनी मालक बदलले. नव्या मालकांनी दिवसातून तीनदा धारा सुरू केल्या. गायींनी जायचं कधी, यायचं कधी? पण ताई, नियम काय म्हणतो? गायींना बाहेर जाण्याची सोय असावी. सोय आहे. ते काय, फाटक."

फरशी संपली तिथे तो थांबला. बूट. मी पुढे गेले. गवत माझ्या गुडघ्यांना लागत होतं. फाटकाच्या कडीला हात घातला तर तळहातावर गंजाचा तांबडा पट्टा उठला. कडी हलली नाही. दोन्ही हातांनी ओढलं. वेल बिजागरीभोवती बोटभर जाड होऊन बसला होता. आत कुरण वाऱ्यावर हलत होतं. कुणी शिवलेलं नव्हतं. जगातलं सगळ्यात सुंदर कुरण असावं ते.

"तेल घालून घेतो उद्या," तो मागून म्हणाला.

मी तळहात गवताला पुसला. बाबांना दारातून हे फाटक दिसलं असणार. एवढ्या लांबून गवत दिसलं नसेल, पण गायी रोज जातात हे त्यांनी गृहीत धरलं? त्यांनी? संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मी मनात त्यांच्याशी जेवढी भांडले, तेवढी ते असताना कधी भांडले नव्हते.

आई स्वयंपाकघरात होती. ओट्यावर हिरव्या झाकणाची बाटली. वर्षानुवर्षं आमच्याकडे तेच दूध येतं.

"जेवणार, की नुसता चहा?"

"आई, बाबा या डेरीवर गेले होते, त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पाय बुडवून बसायला गरम पाणी मागितलं. म्हणाले, कारकुनाला सांगू नकोस, गाडीची किल्ली काढून घेईल."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"मला शपथ घातली होती. आणि तू किल्ली काढून घेतलीच असतीस."

"घेतलीच असती."

"मग?" तिनं गॅस बारीक केला. "काय झालंय? तोंड बघ तुझं."

मी म्हणाले, "आई, बाबांनी न बघता पाच दिले."

तिनं चिमट्यात धरलेलं भांडं खाली ठेवलं. आई कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतेय. व्यवस्थापकानं सांगितलं, ते खुर्चीतून उठले नाहीत. आणि पत्रकात पाच आहेत. तीन ठिकाणी."

"त्यांच्या अक्षरात?"

मी ओट्यावरची बाटली बाजूला सरकवली.

"त्यांच्या अक्षरातलं तू बघितलंस का? व्यवस्थापक म्हणाला, संगणक म्हणाला. त्यांचा कागद काय म्हणाला?"

कागद बाबांच्या पलंगाखाली होता. दवाखान्यातून आणलेली निळी पिशवी आम्ही दोघींनी तिथे सरकवली होती आणि सात आठवडे तिच्याकडे न बघता केर काढत होतो. मी ती ओढली. चेन उघडल्याबरोबर तो वास आला. टॉवेल, कंगवा, चष्म्याचं घर, डाव्या पायाची एकच चप्पल, अर्धी वापरलेली मलमाची ट्यूब. तळाशी प्लॅस्टिकच्या पाकिटात नऊ कागद. हिरवं झाकण सगळ्यात खाली.

प्रश्न पहिला ते सहावा, आकडे. दहावा ते अठरावा, आकडे. सात, आठ, नऊ या तिन्ही चौकटी कोऱ्या. प्रत्येकीत एक बारीक तिरपी रेघ. कागद उलटला. मागे 'शेरा' लिहिलेल्या जागी बाबांचं ते वाचायला भत्ता मागावा असं अक्षर: 'गोठ्यात व फाटकापर्यंत गेलो नाही. पाय चालले नाहीत. डेरीने फोटो दाखवले, ते धरलेले नाहीत. पुन्हा जायचे.'

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. आधी नुसतं हायसं वाटलं, म्हणजे इतकं की मी जमिनीवर बसले. आणि बसल्या बसल्या पुढचं कळलं.

कागदावर पाच नव्हते. संगणकावर होते. मधे दुसरं कुणी नव्हतं. मीच होते.

आमच्या संगणकातल्या पत्रकाला एक सवय आहे. चौकट रिकामी सोडली की तिथे गेल्या वर्षीचा आकडा फिकट रंगात येऊन बसतो, आणि खाली 'मान्य' दाबलं की तो गडद होतो. जमीन किती, विहिरी किती, अशा दरवर्षी न बदलणाऱ्या गोष्टी पुन्हा पुन्हा भरायला लागू नयेत म्हणून. ही सोय मीच भांडून करून घेतली होती. अतिदक्षता विभागाच्या बाहेर भिंतीला ठोकलेल्या खुर्च्या होत्या. त्यांतल्या एकीवर बसून, मांडीवर संगणक घेऊन मी ते नऊ कागद एका दुपारी चढवले. दर दहा मिनिटांनी दार उघडायचं, मी उठायची, ते दुसऱ्याच कुणासाठी असायचं, मी बसायची. फिकट आकडे आले असणार. मी 'मान्य' दाबलं असणार. कागद उलटून पाहिला नाही. बाबांचाच तर कागद होता.

गेल्या वर्षीचे पाच खरे होते. गेल्या वर्षी ते फाटकापर्यंत चालत गेले होते.

आणि मग ती संध्याकाळ आठवली. तोवर मी ती अनेकदा आठवली होती, पण वेगळी. मला आत सोडलं होतं. त्यांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. त्यांनी हातानं लिहिल्याची खूण केली. पत्रकं भरलीस का? मी म्हणाले होते, "भरली, बाबा. सगळी. एकही चौकट रिकामी नाही." मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ. मग मास्क काढायला हात उचलला. नर्सनं तो हलकेच धरून खाली ठेवला. त्यांनी पुन्हा उचलला. मी म्हणाले, "बाबा, राहू दे, बोलू नका. सगळं झालंय." तिसऱ्यांदा त्यांनी उचलला नाही.

सात आठवडे मी त्या नजरेला निरोप समजत होते.

आई दारात उभी होती. "काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं.

"म्हणजे त्यांनी लिहिलं होतं."

"हो."

"आणि तू वाचलं नाहीस."

"नाही वाचलं."

तिनं वाकून पिशवीतली ती एक चप्पल उचलली, पदरानं पुसली आणि बाहेर दुसरी शोधायला गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "दूध तापवू की नको?" तिनं तापवलं.

गुरुवारी सकाळी मी कागद चाळणीकाकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पुढची बाजू वाचली, मागची वाचली, पुन्हा पुढची. मग डोळे चोळत म्हणाले, "गाढवा. मला फोन करायचास ना. मी गेलो असतो फाटकापर्यंत." ते बाबांना म्हणत होते.

मी संपादकबाईंना सगळं सांगितलं. दवाखान्यातली खूण आणि मास्क सोडून. ते कुणाला सांगायचं नव्हतं. इथे लिहितेय हे पहिल्यांदाच.

"तिन्ही आकडे बदलू," त्या म्हणाल्या. "पाचाच्या दोन गायी होतील, कुरणाच्या प्रश्नाला शून्य असलं की दोनच्या वर देत नाही आपण. तळटीप देऊ, मसुद्यात तांत्रिक चुकीमुळे आधीचे गुण आले होते."

"तांत्रिक नाही. मी मान्य दाबलं."

"अगं, वाचणाऱ्याला काय करायचंय कुणी दाबलं त्याच्याशी?"

"पहिल्या पानावर काय लिहिलंय तुम्ही? ती ओळ ठेवायची असेल तर न पाहता कुणी लिहिलं तेही लिहा. नाहीतर मसुदा बघितलेला माणूस त्यांचंच नाव घेईल. मीही काल दिवसभर घेतलं."

त्यांनी मसुदा पुढे ओढला. "तुझं नाव घालू म्हणतेस? छापून? पुढच्या वर्षी तुझे आकडे कोण मानेल?"

"काका ताडून बघतील. कागद मागून घेऊन."

"मागीन," काका म्हणाले. "मेलीस तरी मागीन." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. पण मला हसू आलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा, आणि तेही असं.

तळटीप माझ्या नावानं लिहायचं ठरलं. फाटकाचा फोटोही ठेवायचा ठरला, मोठा करून. फक्त खालची ओळ मी बदलली. 'हिरव्या झाकणाच्या डेरीचं फाटक. फाटकाखालचं गवत पाहावं.'

मग मी बाबांचा कागद पुढ्यात घेतला. तीन कोऱ्या चौकटींत पेनानं आकडे घातले, शून्य, एक, शून्य. कुरणाला शून्य देताना हात थांबला, ते इतकं हिरवं होतं. पण प्रश्न गायींच्या कुरणाचा होता. कागद उलटला. 'पुन्हा जायचे' याच्या खाली जागा होती. मी लिहिलं, 'बुधवारी जाऊन आले. फाटक उघडत नाही.' आणि सही केली.

काकांनी कागद ओढून घेतला, लाल पेन्सिल काढली, अठरा आकड्यांवर एकेक टिंब देत खाली आले आणि थांबले.

"तारीख कुठाय?"

मी तारीख घातली.